भरवसा कुणाच्या खर्चाने?

परवा डोंबिवलीहून सुटलेल्या फास्टमध्ये माझ्या नाकासमोर एक बॅग होती. बॅगेचा मालक कुठे होता देव जाणे, बॅग तेवढी दिसत होती. तिच्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, मराठीत सांगायचं तर ‘स्वतःवर विश्वास ठेव’. दिव्याच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. बॅग, मालक आणि आम्ही पाच-पन्नास जण, सगळे स्वतःवर विश्वास ठेवून उभे! सिग्नल मिळाला तेव्हा गाडी हलली.

हाच उपदेश ऑफिसच्या भिंतीवर असतो, अप्रेझलच्या फॉर्मात असतो, आणि लग्नात मिळालेल्या पुस्तकांत तर असतोच. रविवारी चर्चमध्ये गेलं की पाळक बरोबर उलटं सांगतात. स्वतःवर विसंबू नका, देवावर भरवसा ठेवा. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस एक उपदेश आणि रविवारी दुसरा. मधला शनिवार विचार करायला मोकळा, म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रविवारचा उपदेश बरोबर आहे. पण आपण ख्रिस्ती लोक तो फार स्वस्तात वापरतो. आणि पुष्कळदा त्याचं बिल दुसऱ्याच कुणाला तरी जातं.

आता उदाहरण. आपल्या कल्याणचंच म्हणा ना! रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातला, पण शाळेची पहिली काही वर्षं गेली ती कल्याणात. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं तेही गाडीच्या डब्यात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. (डब्यातल्या गप्पा नेहमीच फुकट जात नाहीत, एवढं तरी यातून सिद्ध होतं.) पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, कविता, कीर्तनं, ‘ज्ञानोदय’. आणि मग १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, या माणसाने मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पगाराच्या आधाराने नाही, देवाच्या भरवशावर जगायचं. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले.

लहानपणी संडेस्कूलमध्ये ही गोष्ट ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. आता घराचा हप्ता भरायला लागल्यापासून तोच काटा वेगळ्या कारणाने येतो. मनात पहिला प्रश्न येतो, लक्ष्मीबाईंना विचारलं होतं का?

लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालं. वाचलं नसेल तर मिळवून वाचा, एवढंच सांगतो. टिळकांचा देवावरचा विश्वास दांडगा, पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. वाटेत कुणी गरजू भेटला की संपला. घरी कुणाला तरी घेऊन येत, आता हा आपल्याकडेच राहणार म्हणून. उदार माणूस, प्रश्नच नाही. पण त्या औदार्याला संध्याकाळी पीठ-मीठ पुरवायचं काम ज्या बाईकडे होतं, तिने हे सगळं हसत हसत लिहून ठेवलंय. वाचताना आपणही हसतो. पण जरा वेळाने लक्षात येतं की विश्वास एकाचा होता आणि रिकामा डबा दुसरीच्या हातात होता.

मी टिळकांना नावं ठेवत नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण मला वाटतं, ख्रिस्ती घरांमधून हा नमुना आजही चालू आहे. नोकरी सोडून ‘सेवेत’ उतरणारा भाऊ, औषधं बंद करून फक्त प्रार्थना करणारे काका, मुलीच्या फीचे पैसे दानपेटीत टाकून ‘प्रभू बघून घेईल’ म्हणणारा बाप. प्रभू बघतोच. पण बहुतेक वेळा तो हे काम त्यांच्या बायकोकडून करून घेतो.

शास्त्रात याला उत्तर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी मार म्हणतो, देवदूत झेलतील असं लिहिलंच आहे की! वचन खरं, संदर्भही खरा. तरी येशू उडी मारत नाही, कारण देवावर भरवसा ठेवणं वेगळं आणि देवाची परीक्षा बघणं वेगळं. आणि याकोबाने तर स्पष्टच विचारलंय. उघड्या-उपाशी माणसाला नुसतं ‘ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून वाटेला लावलंत तर त्याचा उपयोग काय?

इथपर्यंत वाचून माझ्यासारखे इंजिनियर खूश होतील. म्हणजे थोडक्यात काय, हिशोब नीट ठेवा, विमा काढा, स्वतःवर विसंबा आणि रविवारी गाणी म्हणा. नाही! खरी अडचण तर इथेच सुरू होते. माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय ती नीट सांगता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझं प्रोजेक्ट बंद झालं आणि कंपनीने आम्हा बऱ्याच जणांना नारळ दिला. मी घरी सांगितलं नाही. एकोणीस दिवस रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, ठाण्याला उतरायचो आणि तलावपाळीवर जाऊन बसायचो. मासुंदा तलावाच्या एका बाजूला कौपिनेश्वर, जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्टचं जुनं चर्च. आमची मंडळी प्रोटेस्टंट, पण दुपारी उन्हात आत जाऊन बसणाऱ्याला कुणी पंथ विचारत नाही. मी आत बसून प्रार्थना करायचो. आणि खरं सांगू? प्रार्थना अशी असायची: ‘प्रभू, एक तारखेच्या आत नोकरी दे, म्हणजे घरी सांगावंच लागणार नाही.’

ओठांवर देव होता, पण भरवसा सगळा माझ्या योजनेवर. देवाने त्या योजनेत फक्त मदतनीस म्हणून यायचं होतं.

एक तारीख आली. पगाराचा मेसेज आला नाही. खातं जॉइंट, त्यामुळे तिच्याही फोनवर आला नाही. रात्री मुलगी झोपल्यावर बायकोने विचारलं आणि मी सगळं ओकलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “देवाला सांगितलंस ना रोज? मग मला सांगायला काय झालं होतं रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. मी घर चालवतो, मी पडलो की घर पडलं, हा माझा खरा धर्म होता. आमच्या धंद्यात सगळा भार एकाच मशीनवर टाकणं हा मूर्खपणा समजतात, कारण ते मशीन कधी ना कधी बसतंच. घरात मी तसंच मशीन होऊन बसलो होतो, वर त्याला जबाबदारी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी वही काढली. कुठली एसआयपी थांबवायची, बँकेशी काय बोलायचं, शाळेत कधी जायचं, सगळं एका पानावर. आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत तिने उभं राहून सरळ सांगून टाकलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शनिवारी मंडळीतल्या एक आजी लिफ्ट बंद म्हणून तीन मजले जिने चढून आल्या आणि दारात तांदळाची पिशवी ठेवून, पाणीही न पिता गेल्या. दहा किलो असेल. आमच्या घरात तांदूळ होता, उपाशी कुणीच नव्हतं. पण ती पिशवी उचलून आत ठेवणं हे मी आजवर केलेलं सगळ्यात कठीण काम. दर महिन्याला दशांश काढताना असं कधी झालं नव्हतं. देणारा हात वर असतो, त्याची सवय होती.

त्या दिवशी मला पौलाचं म्हणणं थोडंसं कळलं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच तो सांगतो की आशियात आमच्यावर एवढं संकट आलं की जगण्याचीही आशा सोडली होती, आणि ते अशासाठी की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. हे वाक्य आपण नेहमी विजयाच्या सुरात वाचतो. पण लिहिणारा माणूस आपण मोडलो होतो हे परक्या गावच्या मंडळीला उघडपणे कळवतोय! लपवत नाही. मला वाटतं, भरवशाची पहिली खूण हीच. ज्याचा भार देवावर आहे त्याला आपली पडझड झाकून ठेवायची गरज राहत नाही.

नोकरी चौथ्या महिन्यात लागली, पगार आधीपेक्षा कमी. ‘बघा, विश्वास ठेवला आणि मिळाली’ असं मी कधीच म्हणत नाही. माझ्याबरोबर सुटलेल्या एकाला वर्ष लागलं आणि त्याच्या घरी प्रार्थना आमच्याहून जास्त होते. देवावरचा भरवसा म्हणजे निकालाची गॅरंटी नव्हे.

मग हिशोबाचं काय? नहेम्याचं पुस्तक बघा. यरुशलेमचा कोट बांधायचा होता आणि शत्रू हल्ल्याच्या तयारीत होते. लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. एकाच वचनात दोन्ही गोष्टी आहेत. आमच्या भाषेत, प्रार्थना झाली आणि ऑन-कॉल रोस्टरही लागलं. पहारा ठेवला म्हणून कुणी त्यांना अविश्वासू म्हटलं नाही. बॅकअप घेणं हा अविश्वास नाही. बॅकअप झालाय हे माहीत असूनही रात्री तीनदा उठून बघणं, हा मात्र आहे. तिथे आपण फायली सांभाळत नसतो, आपण स्वतःला देवाच्या खुर्चीत बसवलेलं असतं.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. (पुन्हा कल्याणचा धागा आहे. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या.) १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी पुढे कित्येक वर्षांनी रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला. म्हणजे धर्म पाळणं हेसुद्धा स्वतःवर विसंबणंच असू शकतं. उपासनेची हजेरी, दशांश, उपास, सगळं माझ्या खात्यावर जमा! लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं एवढं वेड की बाजारातून आलेलं धान्यही धुवून घ्यायचे. आपण वाचून हसतो. माझ्या प्रार्थनेच्या वहीत टिक मारलेले रकाने बघितले तर तेही हसले असते.

आणि ख्रिस्त मिळाल्यावर रमाबाईंनी काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास ‘मुक्ती’मध्ये दीड हजाराच्या घरात माणसं होती. अमेरिकेतल्या असोसिएशनने मदतीचं आश्वासन दिलं होतं ते दहा वर्षांचं, पुढचं देवाच्या भरवशावर. पण भरवसा म्हणून बाई स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली, छापखाना घातला. मुलींना हाताला काम दिलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघालं. म्हणजे पूर्ण झालेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही. स्वतःवर विसंबणारा माणूस असं काम अंगावर घेत नाही, त्याला शेवट आपल्याच हातून व्हायला हवा असतो.

टिळकांचंही तसंच झालं. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट टाकून ते गेले. ते पुढे कुणी लिहून पूर्ण केलं? शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. कदाचित भरवसा खरा कुणाचा, हा प्रश्न मी सुरुवातीला उलटा विचारला होता. पगार सोडणाऱ्याचा विश्वास दिसतो, लोक त्याच्यावर लिहितात. रोज डब्यात हात घालून, आजचं निघालं, उद्याचं उद्या, म्हणणाऱ्या बाईचा विश्वास दिसत नाही.

त्या आजींची पिशवी अजून आमच्याकडे आहे. कापडी, निळ्या बंदाची. परत द्यायला गेलो तर घेईनात. म्हणाल्या, “राहू दे रे बाबा, पुढे कुणाकडे तरी न्यायला लागेल.”

आतापर्यंत दोनदा लागलीय.