आठ माणसांचं घर

पॅरालाइव्ह्ज हा लाइफ सिम पुढे गेला. ८ डिसेंबर २०२५ ला अर्ली ॲक्सेसमध्ये येणार होता, मग तारीख २५ मे २०२६ झाली. बातमी आली त्या दिवसापासून आमच्याकडे पत्रांची रीघ लागली आहे आणि मजकूर जवळजवळ एकच: सिम्सला तोडीस तोड कोणी उभा करणार आहे की नाही? एका वाचकाने तर ‘आता संपादकांनीच काय ते पाहावं’ असं लिहिलं आहे, जणू पॅरालाइव्ह्ज बनवणारी मॉन्ट्रियलची मंडळी आमच्या भावकीतली आहेत.

तक्रारी खोट्या नाहीत. २०१४ साली सिम्स ४ आला तेव्हा त्यात पोहण्याचा तलाव नव्हता आणि रांगतं-धावतं मूलही नव्हतं. मूल यायला जानेवारी २०१७ उजाडला. ऑक्टोबर २०२२ पासून मूळ खेळ फुकट झाला खरा, पण सगळे पॅक घ्यायचे म्हटले तर हजार डॉलरच्या वर जातात. पॅच आला की मोड फोल्डर रिकामं करून, बिघडलेला मोड सापडेपर्यंत रात्रभर फिफ्टी-फिफ्टी करत बसणं कोणाला चुकलंय? त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सिम्सची मालक कंपनी ईए ५५ अब्ज डॉलरला विकली जाणार असं जाहीर झालं, आणि उरलीसुरली आशाही वाचकांनी सोडली. हे सगळं मान्य. पण या मासिकाचे वाचक नुसते खेळणारे नाहीत. तुम्ही मॉडेलिंग करता, रिगिंग करता, शेडर लिहिता. सुताराने खुर्ची मोडल्याची तक्रार पत्राने कळवावी, तसं हे झालं.

आणि वाट तरी कोणाची पाहायची? लाइफ बाय यू पाहिला. सिम्सचंच खातं पूर्वी सांभाळलेला रॉड हंबल प्रमुख, पॅराडॉक्ससारखा प्रकाशक, तारखा तीनदा बदलल्या, आणि जून २०२४ मध्ये खेळ रद्द आणि स्टुडिओला टाळं. इनझोय आला, २८ मार्च २०२५ ला. पहिल्याच आठवड्यात दहा लाख प्रती गेल्या. दिसतो देखणा, वाद नाही. पण त्याला किमान आरटीएक्स २०६० लागतं. तो बनवणारी क्राफ्टन म्हणजे तीच, जिचा बीजीएमआय आमच्या अकलूजच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारी पोरं दहा-बारा हजारांच्या मोबाइलवर खेळतात. कंपनी एकच, पण तिच्या एका खेळात आपण गिऱ्हाईक आहोत आणि दुसऱ्यात आपली गणतीच नाही.

सिमसिटी २०१३ मध्ये फसला तेव्हाही अशीच रड होती. फिनलंडमधल्या टाम्पेरे गावच्या डझनभर माणसांच्या कोलोसल ऑर्डरने मार्च २०१५ मध्ये सिटीज: स्कायलाइन्स बाहेर काढला, आणि त्याच महिन्यात सिमसिटी बनवणाऱ्या मॅक्सिसचं एमरिव्हिलचं कार्यालय बंद झालं. एरिक बॅरोनला हार्वेस्ट मूनचे नवे भाग आवडेनात, तर तो नाटकगृहात लोकांना खुर्च्या दाखवण्याची नोकरी करत चार-साडेचार वर्षं एकटा बसला आणि २०१६ मध्ये स्टारड्यू व्हॅली दिला. लांब कशाला, पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या राजी या खेळाला २०१७ च्या किकस्टार्टरवर पुरेसे पैसे जमले नव्हते; ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आलाच. यातल्या कोणीही ‘तोडीस तोड’ बनवायला घेतलं नव्हतं. प्रत्येकाने एक खोड पकडली आणि तेवढीच दुरुस्त केली.

आपली खोड कुठली? माझ्या मते ती ग्राफिक्समध्ये नाही, किमतीतही नाही. ती एका आकड्यात आहे: आठ.

सिम्स ४ मध्ये एका घरात आठच सिम्स राहतात. आमच्या आळीतलं कुठलंही साधं घर घ्या. आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं, आणि शिकायला म्हणून येऊन राहिलेला भाचा. झाले बारा. यातल्या कोणत्या चौघांना वेशीबाहेर ठेवायचं? एका वाचकाने आजी-आजोबांना शेजारच्या लॉटवर बिऱ्हाड करून दिलं आणि रोज सकाळी भेटीला पाठवतो म्हणतो. (मोड टाकून मर्यादा वाढवता येते हे मला ठाऊक आहे, त्याबद्दल पत्रं नकोत. वाढवल्यावर खेळ कसा कुंथतो तेही ठाऊक आहे.)

पण प्रश्न संख्येचा नाहीच. त्या बारा जणांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते खेळाला कळतं का? आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एकाच डब्यात. विल राइटने सिम्सच्या पोटात जी युक्ती घातली ती तुम्हाला सांगायला नको: फ्रिज ‘भूक भागवतो’ अशी स्वतःची जाहिरात करतो, पलंग ‘झोप’ अशी, आणि सिम आपल्या गरजांचा हिशेब मांडून त्या पुकाऱ्यांतून एक निवडतो. वस्तू हुशार, माणूस साधा. पंचवीस वर्षं ही युक्ती टिकली आहे आणि इनझोयनेही ती मुळातून मोडलेली दिसत नाही. आता आपल्याकडचं बारसं डोळ्यांपुढे आणा. पाळण्यात नाव ठेवायचं ते आत्याने. ती आली नसेल तर पाळणा अडतो, फोन जातात, कोणीतरी मोटारसायकल काढून तिला आणायला निघतं. लग्नात अंतरपाटाच्या वेळी मामा पाठीशी हवा. इथे पुकारा वस्तू करत नाही, नातं करतं. आत्या म्हणजे नावाची पट्टी नव्हे. तिचे हक्क, तिचे मान, तिचं रुसणं, तिच्या साडीचा दर्जा असा इंटरॅक्शनचा पुरा संच आहे. नात्याला स्मार्ट ऑब्जेक्ट करा. हे ज्याने केलं त्याचा खेळ लो-पॉली असला, टू-डी असला तरी कॅलिफोर्नियातल्या कोणाला तो सहज उचलता येणार नाही.

पैशाचंही तेच. सिम कामावरून घरी आला की पगार जमा, आठवड्याने बिलं. आमच्याकडे गळीत हंगामात यशवंतनगरच्या साखर कारखान्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. म्हणजे बाराएक महिने घर उधारीवर आणि मग एकदम बिल: त्यात लग्न, सोसायटीचं कर्ज, बोअर, सोनं, सगळं. हा लूप कोणत्या लाइफ सिममध्ये आहे? आणि त्याच उसाच्या फडात बीडकडून आलेली जोडपी असतात, ज्यांना मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. दोन माणसं, एक एकक, आधी घेतलेली उचल अंगावर. एजंटचं डिझाइन करणाऱ्याने यावर एक रात्र जरी विचार केला तरी त्याची झोप उडेल. त्या जोडप्याचं घर म्हणजे सहा महिन्यांचं कोपटं आणि सहा महिन्यांचं गाव. सिम्समध्ये बिल्ड मोड आहे, मोडून पुन्हा बांधण्याचा मोड नाही.

आता ज्याच्यासाठी हे संपादकीय लिहायला बसलो, त्या विषयाकडे येतो.

आमच्या तिघांच्या गटाने अशा खेळाचं प्रोटोटाइप करायला घेतलं. बारा माणसांचं घर, एक वर्ष, एक उसाचं बिल. इंटरनेट नाही, ऑनलाइन काही नाही, एकदाच विकत घ्यायचा. स्टीमचे शंभर डॉलर भरायचे, पुढे पैसे आले तर ते घ्यायला चालू खातं हवं, म्हणून एका बँकेत गेलो. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं: संगणकीय खेळांची निर्मिती.

अधिकारी भले होते. चष्मा वर करून म्हणाले, “गेम? म्हणजे रमीचं का?”

“नाही साहेब. घर-संसाराचा खेळ आहे. भातुकली समजा.”

“पण गेम आता बंद झालेत ना?”

मी त्यांना कायदा सांगितला. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घालतो. ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम्सना त्यात उलट प्रोत्साहन आहे, वर्गणी किंवा एकदाची फी घ्यायलाही मुभा आहे. आमचा तर ऑनलाइनसुद्धा नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “बरोबर असेल. तुमच्यावर बंदी नाही असं पत्र आणा.”

“कोणाचं?”

“ज्यांनी बंदी घातली त्यांचं.”

ज्याच्यावर बंदी नाही त्याने, आपल्यावर बंदी नाही असा दाखला, बंदी घालणाऱ्याकडून आणायचा. म्हणजे अकलूजहून दिल्लीला. मी चिडलो, पण त्यांची बाजूही लक्षात घ्या. या कायद्यात पैशाच्या खेळाचा व्यवहार होऊ देणाऱ्या बँकेलाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड लिहिला आहे. शाखेतल्या माणसाने रमी आणि भातुकली यांतला फरक स्वतःच्या नोकरीवर का ठरवावा? दोष कायदा करून त्याखाली चार ओळींचं साधं परिपत्रक न पाठवणाऱ्यांचा आहे. २ ऑक्टोबर २०२५ ला मसुदा नियम आले, त्यात प्राधिकरण होतं, नोंदणी होती, वर्गवारी होती. पण इंटरनेटशिवाय चालणाऱ्या, एकदा विकत घ्यायच्या खेळाबद्दल शाखेतल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवता येईल असा कागद नव्हता.

दुसरीकडे गेलो. एका योजनेच्या कार्यालयात लघुउद्योगाचं कर्ज मिळतं असं ऐकलं होतं. तिथे रमीचा प्रश्न आला नाही. तिथे विचारलं, “मशिनरी कुठली?” दोन संगणक म्हटलं. “ती मशिनरी नाही, ते ऑफिसचं सामान.” मग “कच्चा माल?” मी गप्प. पलीकडच्या टेबलावर गुऱ्हाळाची फाइल चालली होती. तिला चरक होता, कढई होती, कच्चा माल दारात उभा होता. मला तिचा हेवा वाटला.

शेवटी एका जाणत्या सीएने तोडगा काढला. ‘खेळ’ हा शब्दच काढून टाका, ‘ॲनिमेशन व सॉफ्टवेअर सेवा’ लिहा. लिहिलं. खातं आठवडाभरात उघडलं. पुढे डॉलर आले की पर्पज कोडवरून आणि अमेरिकी कराच्या डब्ल्यू-८बेन फॉर्मवरून पुन्हा एक फेरा होणार आहेच, तो पुढच्या अंकात.

पण हा तोडगा मला सलतो आहे, आणि तो तुमच्यातल्या अनेकांनी केला आहे हे पत्रांवरून कळतं. सोलापूर, सांगली, जळगाव, अकोला, सगळीकडे आपण ‘सॉफ्टवेअर सेवा’ झालो आहोत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर झालं, २०५० पर्यंत ३,२६८ कोटींचा आराखडा. त्यात जी म्हणजे गेमिंग. उद्या कोणी सचिव विचारील, माळशिरस तालुक्यात गेम बनवणारे किती? कागदोपत्री उत्तर येईल: एकही नाही. मग तो पैसा मुंबई-पुण्यातच जाणार, आणि आपण त्याबद्दलही पत्रं लिहिणार. साहेबांनी शब्दाला भ्यावं हे समजू शकतं, आपणही भ्यायचं?

तेव्हा ज्यांनी ज्यांनी बँकेचा किंवा कार्यालयाचा असा नकार लेखी घेतला आहे त्यांनी नाव-गाव झाकून त्याची प्रत पाठवा. तोंडी मिळाला असेल तर तारीख आणि संवाद जसाच्या तसा लिहा. सगळं एकत्र बांधून मंत्रालयाला धाडायचं आहे, इथल्या आणि दिल्लीच्याही. गठ्ठा जाड हवा.

आणि खेळाचं सामान. मला नात्यांचा तक्ता हवा आहे, जिल्ह्याजिल्ह्याचा. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात कोणत्या नात्याचा कोणत्या प्रसंगी काय मान, कोण कोणाशी थट्टा करू शकतं, कोणापुढे पदर घ्यावा लागे, कोण रुसलं की कोणी समजूत काढायची. हे तुमच्या घरातल्या सत्तरीच्या बाईला विचारा, गूगलला नको. तसंच एकेक घर मोजून द्या: ओसरी, माजघर, चूल, फडताळ, पाटा-वरवंटा, गोठा, मोटरसायकल लावायची जागा. दिवाळीत तुमची पोरं मातीचा किल्ला करून त्यावर आळीव पेरतात आणि मावळे मांडतात, तितक्या बारकाईने केलं तरी पुरे. टेक्श्चर १०२४ च्या वर नको, हे आपल्याला साध्या मोबाइलवरही चालवायचं आहे. सगळं खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरायला मिळेल, आमचा गट त्यावर मालकी सांगणार नाही.

युनिटीवाल्यांना वेगळं सांगणं: टेक्स्टमेशप्रोमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून खेळातली माणसं इंग्रजीत बोलवायची ही सबब आता बंद. गोडो ४ मध्ये आणि अनरीयलमध्ये देवनागरी नीट उमटते. जमत नसेल तर इंजिन बदला.

साहित्य महिनाअखेर हातात पडावं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ अशा नावाच्या फाइली उघडल्या जाणार नाहीत. आणि पॅरालाइव्ह्ज कधी येणार हे ज्याला आम्हाला विचारायचंच आहे, त्याने पत्रासोबत एक मोजलेलं घर जोडावं.