मस्टरवर नसलेली फुप्फुसं

लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नोंदवली. पण ती नाक आणि सायनसच्या कर्करोगाबद्दल. फुप्फुसांचा पुरावा आजही अपुरा मानतात. का अपुरा? अभ्यास झाले ते बहुतेक पुरुष कामगारांचे, आणि तिथे विडी-सिगारेट आडवी येते. दोष धुळीचा की तंबाखूचा, हे वेगळं काढणं अवघड जातं.

मग विडी न ओढणाऱ्या बाईला का नाही विचारत? माझ्या कामाच्या वस्तीत फर्निचरच्या शेडमध्ये दिवसभर पॉलिश पेपरने फळ्या घासते ती बाईच. संध्याकाळी कोरड्या झाडूने भुसा लोटते तीही बाईच. मस्टरवर ती ‘हेल्पर’, बहुतेकदा तेवढीही नाही. तोच भुसा पोत्यात भरून घरी नेते, शेगडीत ठासते आणि त्याचा धूरही तीच गिळते. खोकला घेऊन दवाखान्यात गेली, की थुंकी तपासतात (तपासावीच!), चुलीचं विचारतात. कामाचं कोणी विचारत नाही.

1948 च्या कारखाना कायद्याला वीज वापरणाऱ्या जागी 10 कामगार लागत. 2020 च्या संहितेने ते 20 केले. पाच-सात जणींची शेड तेव्हाही बाहेर, आताही बाहेरच.

‘पुरावा येऊ द्या’ म्हणणाऱ्या मालकाला नाकाचा पुरावा पुरेसा नाही का? यंत्राशी धूळ ओढणारा पंखा आणि धड मास्क आजच हवा. पदराने बारीक धूळ अडत नाही. आणि मैत्रिणींनो, आपल्या आरोग्य शिबिराच्या कार्डावर ‘गृहिणी’ नको. ती काय घासते, किती वर्षं, ते लिहा.