विश्लेषण : कॅनडा म्हणजे ‘थोडी थंड अमेरिका’ नव्हे, मग नेमका फरक कुठे?

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉन्ट्रिअलमध्ये कॅनडा विरुद्ध अमेरिका असा आइस हॉकीचा सामना होता. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू होताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खेळ सुरू झाल्यावर पहिल्या नऊ सेकंदांत खेळाडूंमध्ये तीन हाणामाऱ्या झाल्या. तो सामना अमेरिकेने जिंकला, पण पाच दिवसांनी बॉस्टनमधला अंतिम सामना कॅनडाने ३-२ असा खेचून आणला. चूक कोणाचीही असो, आधी ‘सॉरी’ म्हणणारा देश अशी ज्याची ख्याती, तो इतका का चिडला? कारण डोनाल्ड ट्रम्प त्याला ‘अमेरिकेचे ५१वे राज्य’ म्हणत होते. आपल्याकडेही अनेकांच्या मनात कॅनडाची प्रतिमा फार वेगळी नाही. अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही की कॅनडा, असा सरधोपट हिशेब असतो. तो चुकीचा आहे, असे माझे मत आहे.

पायाच वेगळा कसा?

अमेरिका बंडातून जन्मली. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जगण्याचा हक्क, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध या गोष्टींना मध्यवर्ती स्थान आहे. हे बंड मान्य नसलेले, ब्रिटिश राजाशी निष्ठावंत राहिलेले हजारो लोक उत्तरेला गेले. इंग्रजी भाषक कॅनडाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. १८१२च्या युद्धात अमेरिकेने हा प्रदेश घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे १८६७ मध्ये कॅनडा संघराज्य झाला तो लढून नव्हे, तर वाटाघाटी करून. त्याच्या घटनात्मक कायद्यातले शब्द आहेत शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन. एका देशाने सरकारकडे संशयाने पाहायचे ठरवले, तर दुसऱ्याने सरकारकडून कामाची अपेक्षा ठेवली. पुढचे बरेचसे फरक इथून सुरू होतात.

राजकारण कोणाचे ओळखीचे वाटते?

भारतीय वाचकाला कॅनडाचे. तिथेही संसदीय पद्धत आहे. पंतप्रधान लोकसभेसारख्या सभागृहाला उत्तरदायी असतात आणि राजाच्या वतीने गव्हर्नर जनरल घटनात्मक प्रमुखाचे काम पाहतात. अर्थसंकल्पावर सरकार हरले तर ते पडते. डिसेंबर १९७९ मध्ये जो क्लार्क यांचे सरकार असेच पडले आणि लोकांनी नवे निवडले. अमेरिकेत मात्र अध्यक्ष आणि काँग्रेस यांचे खर्चावर जमले नाही तर दोघेही खुर्चीत राहतात आणि कामकाज ठप्प होते. २०२५ मध्ये हा ‘शटडाऊन’ तब्बल ४३ दिवस चालला.

निवडणुकीचेही तसेच. कॅनडात प्रचाराचा काळ कायद्याने ३७ ते ५१ दिवसांचा आहे. संघीय निवडणुकीत कंपन्या आणि कामगार संघटनांच्या देणग्यांना बंदी आहे, मतदारसंघांच्या सीमा स्वतंत्र आयोग ठरवतात. अमेरिकेत अध्यक्षपदाचा प्रचार वर्षभराहून अधिक चालतो, २०१०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपन्यांच्या प्रचारखर्चाला मोकळी वाट मिळाली आणि बहुतेक राज्यांत सीमा आखण्याचे काम राजकारण्यांच्याच हाती आहे.

आरोग्य आणि बंदुका

कॅनडात डॉक्टरकडे गेल्यावर किंवा रुग्णालयात दाखल झाल्यावर आवश्यक उपचारांचे बिल रुग्णाला येत नाही. ते प्रांताचे सरकार भरते. सस्कॅचवान प्रांताने १९६२ मध्ये, डॉक्टरांचा संप सोसून, ही योजना आणली. तिचे जनक टॉमी डग्लस यांना २००४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेक्षकांनी ‘सर्वश्रेष्ठ कॅनेडियन’ निवडले. अमेरिकेत नोकरदारांचा विमा बहुतांशी नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

बंदुकांबाबतही दोन वाटा आहेत. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा १७९१ पासून घटनादत्त हक्क आहे आणि नागरिकांकडे लोकसंख्येपेक्षा जास्त बंदुका आहेत. कॅनडात परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. २०२० मध्ये नोव्हा स्कॉशियात २२ जणांचे बळी गेल्यावर काही दिवसांतच सरकारने सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली.

रोजच्या जगण्यात काय दिसते?

ओंटारिओत दूध आपल्यासारखेच प्लास्टिकच्या पिशवीत मिळते; अमेरिकी माणसाला याचे नवल वाटते. थँक्सगिव्हिंग कॅनडात ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये. रस्त्यावर किलोमीटर, पण उंची अजूनही फुटांत! आणि ‘सॉरी’ तर इतके सवयीचे की ओंटारिओने २००९ मध्ये कायदाच केला. दिलगिरी व्यक्त केली म्हणजे चूक कबूल केली, असे दिवाणी दाव्यात धरता येत नाही.

अभियंत्यांसाठी एक खास गोष्ट. १९०७ मध्ये क्युबेकमधला बांधकाम सुरू असलेला पूल कोसळून ७५ कामगार मरण पावले. पुढे कॅनडातील अभियंत्यांनी जबाबदारीची शपथ घ्यायची प्रथा १९२५ मध्ये सुरू केली. त्या विधीचा मजकूर मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिला. शपथ घेतलेले अभियंते करंगळीत लोखंडी किंवा स्टीलची अंगठी घालतात. अशी अंगठी अमेरिकेतही १९७० पासून आहे, पण तिथे ‘इंजिनीअर’ हा शब्द नोकरीच्या पदनामात सर्रास वापरला जातो. कॅनडात प्रांताच्या संस्थेचा परवाना नसेल तर स्वतःला इंजिनीअर म्हणवणे सहसा बेकायदा ठरते.

मग कॅनडा आदर्श आहे का?

अजिबात नाही. तज्ज्ञ डॉक्टरांसाठी महिनोन्महिने थांबावे लागते. मोठ्या शहरांत घरे परवडत नाहीत. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा काळा इतिहास आहे आणि सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २००८ मध्ये. क्युबेक १९९५च्या सार्वमतात एक टक्क्याहून थोड्या अधिक मतांच्या फरकाने कॅनडात राहिला. शिवाय ‘आम्ही अमेरिकी नाही’ एवढीच ओळख असेल तर ती पोकळ ठरते. जस्टिन ट्रुडो यांचे वडील, पंतप्रधान पियर ट्रुडो यांनी १९६९ मध्येच अमेरिकेशेजारी राहण्याची तुलना हत्तीशेजारी झोपण्याशी केली होती. हत्तीने नुसती कूस बदलली तरी शेजाऱ्याची झोप उडते.

पण २०२५ मध्ये या ओळखीची परीक्षा झाली. ओंटारिओच्या सरकारी दुकानांतून अमेरिकी दारू हटवली गेली. जनमत चाचण्यांत मागे पडलेला लिबरल पक्ष मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली एप्रिलमध्ये सलग चौथ्यांदा सत्तेत आला. विरोधी पक्षनेते पियर पोलिएव्ह यांना स्वतःची जागाही राखता आली नाही.

मराठी घरांचा संबंध काय?

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली दोन्ही देशांतली मराठी मंडळे एकत्र येतात, गणपतीही दोन्हीकडे बसतात. पण जाणाऱ्याचा हिशेब वेगळा असायला हवा. अमेरिकेत पगार सहसा जास्त, पण ग्रीन कार्डावर देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची. कॅनडात १९६७ पासून गुणांवर आधारित प्रवेश आहे, पण २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आणि कायम रहिवाशांचे वार्षिक लक्ष्यही कमी झाले. अभियंत्यांकडून मागितला जाणारा ‘कॅनेडियन अनुभव’ ही अडचण होतीच. ओंटारिओने परवान्यासाठीची ती अट २०२३ मध्ये काढली.

म्हणून कर्ज काढण्याआधी घरात एक प्रश्न विचारला जावा : आपल्याला जास्त कमाईची जोखीम हवी आहे, की कमी कमाईत थोडी अधिक सुरक्षितता? यातले पहिले उत्तर साधारण अमेरिकेकडे नेते, दुसरे कॅनडाकडे. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. मात्र व्हिसा नाकारला गेला म्हणून नाइलाजाने कॅनडा निवडणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. कारण तो मनात अमेरिका घेऊन दुसऱ्याच देशात उतरलेला असतो.