जेंबे आणि जंजिरा

मंडळी, सध्या आमच्या किनाऱ्यावर एक वाद रंगलाय. इथल्या एका शाळेत पश्चिम आफ्रिकेतलं 'जेंबे' हे वाद्य आणि त्याबरोबरचा नाच शिकवायचं घाटतंय. आमचे काही समवयस्क खवळलेत. "आपलं लेझीम मेलं का? हे आफ्रिकेचं खूळ कशाला?"

लेझीम मी स्वतः तीस वर्षं मुलांकडून करून घेतलंय, तेव्हा त्याचा कळवळा मला कुणी शिकवू नये. पण ज्या पेटीवर आपण भजनं म्हणतो ती युरोपातून आली, तिला कुणी गावाबाहेर काढलेलं नाही.

खरं सांगू? मला टोचतंय ते वेगळंच. हीच मंडळी गॅदरिंगमध्ये नातवंडांच्या तोंडाला काजळ फासतात, कमरेला पानं बांधतात, पोरं 'हू हू' करत उड्या मारतात, आणि 'आफ्रिकन डान्स' म्हणून टाळ्या पडतात! म्हणजे आफ्रिका थट्टेला चालते, शिकायला नको.

जेंबे म्हणजे काय ते तरी बघा. एका अखंड ओंडक्यातून कोरलेला, वरून रुंद आणि खाली निमुळता ढोल, त्यावर बकऱ्याचं कातडं. माली, गिनी या देशांतल्या मांदे लोकांचं हे वाद्य. नुसत्या हातांनी वाजवायचं. मुख्य बोल तीन : मधोमध खर्जाचा, कडेला खुला आणि तिसरा चापटीसारखा कडक. साथीला 'दुनदुन' नावाचे मोठे ढोल. गंमत अशी, की प्रत्येकाला वाजवायचा तुकडा अगदी साधा असतो, पण तुकडे एकात एक गुंफल्याशिवाय ताल उभा राहत नाही. शेजाऱ्याकडे कान नसेल तर आपलाही हात चुकतो. साठ पोरांच्या वर्गाला दुसऱ्याचं ऐकायला लावणारा दुसरा विषय मला तरी सापडला नाही. (गणित तर नाहीच!) गिनीच्या फोदेबा केइता यांच्या संचाने १९५० च्या दशकात हे वादन आणि नाच जगाच्या रंगमंचावर नेले. हे खूळ नव्हे, विद्या आहे.

आणि आफ्रिका आपल्याला परकी कधी होती? मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहा, समोर जंजिरा. १९४८ पर्यंत तिथे सिद्दींचं संस्थान होतं. त्यांचे पूर्वज हबसाण आणि पूर्व आफ्रिकेकडून आलेले. आमच्या मुलांना सिद्दी माहीत आहे तो फक्त शत्रू म्हणून. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, हे एका ओळीत उरकायचं. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी आजही 'मुगरमान' हा उभा ढोल वाजवून धमाल नाचतात. हवेत उडवलेला नारळ डोक्यावर झेलून फोडतात! त्या नाचाला 'गोमा'ही म्हणतात; स्वाहिलीत 'ङ्गोमा' म्हणजे ढोल आणि नाचही. शब्दानेसुद्धा समुद्र ओलांडला.

म्हणून शाळेला माझं सांगणं : जेंबे जरूर आणा, पण त्याच वर्षी गुजरातचे सिद्दी कलाकारही बोलवा. योग्य मानधन द्या, आणि आपल्या ढोलाबद्दल त्यांना स्वतःला बोलू द्या. भिंतीवर नकाशा लावा, म्हणजे माली कुठे आणि इथिओपिया कुठे हे पोरांना कळेल. आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. एका दिवसाचं शिबिर, फोटो आणि संपलं, असं असेल तर मात्र मीही विरोधकांच्या बाजूला बसेन.

आणखी एक. ऐकतोय, की जादा फी भरणाऱ्यांनाच हा वर्ग आहे. मग कातकरीवाडीवरची मुलं काय करणार, खिडकीतून बघणार? त्यांतल्या कित्येकांचे पाय कुणी न शिकवता तालात पडतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ढोल कमी असतील तर आळीपाळीने वाजवू दे, पण वर्गात सगळे हवेत. पालकसभेत हे मांडणार आहे. तुमच्याकडच्या शाळांत असं काही झालं असेल तर जरूर कळवा, सभेच्या आधी मिळालं तर फारच बरं.