वृद्धाश्रमात ‘टाकणे’

मराठीत मुलाला शाळेत घालतात, आजाऱ्याला दवाखान्यात ठेवतात, मुलीला वसतिगृहात सोडून येतात. म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात मात्र ‘टाकतात’. क्रियापद अडगळीतल्या वस्तूचे आहे, आणि ते इतके रुळले आहे की वापरणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. दिवाळी अंकांकडे येणाऱ्या कथांच्या गठ्ठ्यात या क्रियापदावर उभी असलेली कथा दरवर्षी हमखास सापडते: मुलगा परदेशी, सून फटकळ, हातात पिशवी घेतलेले अण्णा आणि शेवटच्या ओळीत बंद होणारे फाटक. फाटकाच्या आत रात्री किती माणसे कामावर असतात, जेवण किती वाजता येते, बिल कोण भरते, याची कथेला गरज वाटत नाही. यंदाही अशा कथा आल्या. प्रस्तुत अंकाचा विशेष विभाग ‘घर’ या विषयावर आहे. वाडा, चाळ, ब्लॉक, कोकणातली कुलूपबंद घरे, सगळ्यांवर लेख आले. ज्या जागेत अनेकांची अखेरची वर्षे जातात त्या शुश्रूषागृहावर एकही आला नाही.

2025 हे वर्ष शाळेतल्या हिंदीच्या वादाचे, बारा किल्ल्यांच्या जागतिक वारसा यादीतल्या प्रवेशाचे, मराठवाड्यातल्या सप्टेंबरच्या पुराचे आणि जयंत नारळीकरांच्या जाण्याचे. त्यांची दखल आतल्या पानांत आहे; इथे विषय त्या न आलेल्या लेखाचा.

‘टाकणे’ या शब्दाची लाज बाळगणारे कुटुंब शुश्रूषागृह निवडत नाही, गाठते. क्रम ठरलेला असतो. ऐंशी ओलांडलेली आजी न्हाणीघरात पडते, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि आठवडाभरात डिस्चार्जचा कागद हातात येतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नर्सिंग ब्युरोतून आलेली बाई दोन दिवसांत सोडून जाते. मग कोणीतरी एक फोन नंबर देतो आणि जिथे खाट रिकामी तिथे रुग्णवाहिका वळते. दोन खोल्यांचा फ्लॅट घेताना हेच कुटुंब सहा महिने बांधकामे पाहत हिंडलेले असते. नातेवाइकांना ‘सध्या मामाकडे आहे’ असे सांगितले जाते. जी गोष्ट लपवून केली तिच्याबद्दल चौकशी करता येत नाही आणि पुढे काही बिघडले तर तक्रारही करता येत नाही. या गप्प बसण्याचा फायदा वाईट संस्थेलाच होतो. चांगल्या संस्थेला प्रश्न विचारलेले चालतात.

‘वृद्धाश्रम’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या व्यवस्था मोडतात. सार्वजनिक न्यासांचे वृद्धाश्रम मुख्यतः हिंडत्याफिरत्या माणसांसाठी असतात. पुण्याच्या नव्या पेठेतले ‘निवारा’ त्या जुन्या परंपरेतले. ‘अथश्री’सारख्या संकुलांत ज्येष्ठ स्वतःची सदनिका घेतात आणि सोयी वापरतात, तिथे शुश्रूषेपेक्षा शेजार महत्त्वाचा. तिसरा प्रकार खासगी शुश्रूषागृहाचा: अंथरुणाला खिळलेले, पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, नाकात नळी किंवा लघवीची पिशवी असलेले. ही केंद्रे बहुधा भाड्याच्या बंगल्यात किंवा इमारतीच्या एखाद्या मजल्यावर चालतात. गरज सर्वांत मोठी इथे आणि देखरेख सर्वांत तुटपुंजी तीही इथेच.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 चा आहे. त्यात राज्य सरकारने जिल्ह्यात किमान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम काढण्याची भाषा आहे; मात्र सरकार तो काढू ‘शकते’, काढलाच पाहिजे असे नाही. खासगी केंद्राला नोंदणी सक्तीची करणारे कलम त्यात नाही. ती उणीव भरून काढणारे, नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही आणि 2024 मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर गेले. त्यामुळे कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रे नीट वाचावीत. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी न्यासाची असते, दुकाने व आस्थापना कायद्याखालची धंद्याची असते. खाटेवरच्या माणसाकडे कोण किती लक्ष देते याबद्दल दोन्ही काही सांगत नाहीत. एक कागद मात्र मागण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आगप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यावा लागतो. जिथे वीस माणसे स्वतःहून उठू शकत नाहीत तिथे तो पाहायलाच हवा, आणि जिना किती रुंद आहे हेही.

पहिली भेट ठरवून दिलेल्या वेळी होते. तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली असते, चादरी पांढऱ्या असतात आणि मॅनेजर स्वतः हजर असतात. दुसरी भेट न सांगता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी द्यावी. हातात चमचा असलेली मावशी खुर्चीवर बसून भरवते की उभ्या उभ्या चार जणांना ओळीने भरवत सुटते, ते पाहावे. घास गिळून होईपर्यंत थांबते का, तेही. पक्षाघातानंतर गिळणे मंदावते आणि घाईने दिलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाण्याचे भांडे हात पोचेल अशा ठिकाणी आहे की खिडकीच्या कट्ट्यावर, घंटीची दोरी हाताशी आहे की वर गुंडाळून ठेवली आहे, नखे कापलेली आहेत का, संडासात धरायला दांडी आहे का: पाच मिनिटांत दिसणाऱ्या या गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात नसतात. फिनेलचा वास कडक असला की बरेच जण खूश होतात. त्याखाली कसला वास दबला आहे हे पाहायला थोडे अधिक थांबावे लागते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. बरी केंद्रे त्याचा तक्ता ठेवतात. तो मागून पाहावा. रात्री 10, 12, 2, 4 आणि 6 या पाचही नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाने, एका रेषेत असतील तर तो तक्ता सकाळच्या चहाबरोबर भरलेला असतो. खरा तक्ता थोडा गबाळा असतो. एखादी नोंद 2:40 ची, कुठे शाई बदललेली, कुठे ‘आजी झोपू देईनात’ असे काहीतरी लिहिलेले.

सगळा कस रात्रीच लागतो. दिवसा फिजिओ येतो, डॉक्टरांची फेरी होते, पाहुणे येतात. रात्री नऊनंतर तीस खाटांना दोन मावश्या आणि गेटवर एक मामा, एवढाच जमाव उरला तर डायपर बदलणे पहाटेवर जाते. अपुऱ्या माणसांची भरपाई मग झोपेच्या गोळीने होते किंवा पलंगाच्या कठड्याला बांधलेल्या हाताने. दोन्हींबद्दल थेट विचारावे: गोळी कोण लिहून देतो, हात बांधायची वेळ आली तर घरी कळवतात का. उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा उपयोगी पडतो.

शुल्काबाबत मराठी मध्यमवर्ग पहिला आकडा विचारून थांबतो. महिन्याच्या आकड्यात डायपर, औषधे, फिजिओ, स्वतंत्र बाई, रुग्णालयात नेताना सोबतीला माणूस, यांतले काय धरले आहे ते लिहून घ्यावे. दिवसाला तीन डायपर म्हणजे महिन्याला 90, आणि ही मागणी कमी होणारी नसते. आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने साठीपुढच्या व्यक्तीसाठी महिना 25,000 रुपयांपर्यंत आकारलेल्या निवास-भोजनाला जीएसटीची सूट आहे. खासगी कंपनीच्या बिलाला ती सूट नाही. आरोग्य विमा किंवा सत्तरीपुढच्यांना मिळालेले आयुष्मान भारत योजनेचे 5 लाखांचे कवच रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, इथल्या महिन्याच्या बिलाला नाही. अनामत किती दिवसांत परत मिळते, मृत्यू झाला तर त्या महिन्याचे काय, आणि केंद्राचाच बंगला अकरा महिन्यांच्या करारावर असेल तर मालकाने जागा सोडायला सांगितल्यावर माणसे कुठे जातात, हे प्रश्न अभद्र वाटतात म्हणून राहून जातात.

कागदपत्रांत सर्वांत जास्त फसगत कुलमुखत्यारपत्राची होते. आईने ते करून दिले की बँक, घर, सही सगळे सुटले असे मुले धरून चालतात. भारतीय करार कायद्याप्रमाणे, करून देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर, नेमक्या गरजेच्या वेळी, तो कागद निकामी होतो. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. खाते संयुक्त करणे, नामनिर्देशन, मृत्युपत्र, हे सारे आई हो-नाही म्हणू शकते तोवरच उरकायचे असते. तीच गोष्ट अखेरच्या उपचारांची. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेले आणि 2023 मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येण्याइतके सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) असेल, तर त्याची प्रत केंद्रात हवी. नसेल तर रात्री अडीचला फोन येतो, ‘व्हेंटिलेटरवर ठेवायचं का?’, आणि पलीकडे न्यू जर्सीत उत्तर द्यायला एकटा मुलगा असतो.

भाषेचा मुद्दा कोणी यादीत धरत नाही. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी जाऊ लागते आणि लहानपणची टिकते. पस्तीस वर्षे बँकेत इंग्रजीत पत्रे लिहिलेल्या आजोबांकडे अखेर मालवणी उरते. ‘लघवीक जांवचा हा’ हे वाक्य हिंदी बोलणाऱ्या सेवकाला कळले नाही तर आजोबा अंथरूण ओले करतात आणि नोंदवहीत ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडतो. मराठी अभिजात ठरल्याचा आनंद 2024 मध्ये साजरा झाला. खाटेशेजारच्या माणसाला ती येते का, हा प्रश्न बेंगळुरूत किंवा सुरतेत आईला सोबत नेऊन तिथे केंद्र शोधणाऱ्या मुलीने पहिला विचारावा.

आणि जिला तिथे राहायचे आहे तिला विचारावे, शुद्ध असेपर्यंत. आधी पंधरा दिवस राहून पाहण्याची सोय बरीच केंद्रे देतात. स्वतःची उशी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, चहाची ठरलेली वेळ, फोन स्वतःजवळ ठेवण्याची मुभा, एवढ्यावर बरेच अवलंबून असते. शेजारच्या खाटेवर कोण आहे यावर तर त्याहून अधिक.

दिवाळीच्या आठवड्यात या केंद्रांत फराळाचे खोके येतात, तरुण मंडळे येतात, आकाशकंदील लागतो, मधुमेह असलेल्या आजींच्या हातात लाडू देऊन फोटो निघतात. त्याच आठवड्यात मावश्या आपापल्या गावी जातात आणि वर्षातली सर्वांत कमी माणसे कामावर असतात. जागा पाहायला निघालेल्या वाचकांनी यंदा भाऊबीजेच्या रात्री आठनंतर जावे, फराळ नेऊ नये, आणि ड्यूटीवर किती जण आहेत ते मोजून यावे.