आजारी मनाचीही विचारपूस करू या

आपल्या समाजात कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्याचे कळले की घरोघर फोन जातात, जेवणाचे डबे पोहोचतात, शब्बाथच्या तेफिल्लात आजाऱ्याचे नाव घेतले जाते आणि तो बरा होऊन घरी आला म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. आजाऱ्याला भेटावयास जाणे ही आपल्या धर्माने सांगितलेली मित्झ्वा आहे आणि परक्या देशात येऊनही आपण ती सोडलेली नाही, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु हाच आजार मनाचा, विशेषतः स्किझोफ्रेनियाचा असेल, तर चित्र पालटते. घरचे लोक ‘मुलगा बाहेरगावी आहे’ असे सांगतात आणि आपण पुढे विचारीत नाही. हळूहळू ते कुटुंब लग्नकार्यांतून, सणावारांतून दिसेनासे होते.

हा आजार म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व नव्हे, करणी नव्हे आणि आळसही नव्हे. तो मेंदूच्या कार्यातील बिघाड आहे. रुग्णाला इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, निराधार संशय मनात घर करतात, विचारांची संगती तुटते, माणसांत मिसळावेसे वाटत नाही. जगात सुमारे तीनशे माणसांत एकाला तो होतो. त्याची सुरुवात बहुधा पंधरा ते तीस या वयात होते. शिक्षकी पेशात असल्याने आम्हांस हे वय परिचयाचे आहे. हुशार विद्यार्थ्याचे गुण अकस्मात घसरतात, तो मित्र तोडतो, रात्री जागतो, स्वतःशी पुटपुटतो. अशा वेळी ‘अमेरिकेचे वारे लागले’ असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे ठरते.

कारण या आजारात वेळेला मोठी किंमत आहे. अमेरिकेतील २१ राज्यांतील ३४ केंद्रांत, प्रथमच आजारी पडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. औषध, समुपदेशन, कुटुंबाचे शिक्षण आणि नोकरी-अभ्यासासाठी साहाय्य, हे सर्व एकत्र मिळालेले रुग्ण अधिक सावरले. त्यांतही ज्यांना लवकर उपचार लाभले त्यांना अधिक गुण आला. पण लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत निम्म्या रुग्णांचे ७४ आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ वाया गेला होता! जवळजवळ दीड वर्ष. या दिरंगाईची कारणे अनेक असतील. पण आपल्या घरांत त्यांपैकी एक कारण ‘लोक काय म्हणतील’ हे आहे, आणि ते लोक म्हणजे आपणच आहोत.

मुंबईत ‘याला ठाण्याला पाठवा’ असा विनोद आपण सर्वांनीच ऐकला आहे. ठाण्यास १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, एवढाच त्याचा आधार. ज्या शहरात आपल्या समाजाची इतकी घरे आहेत, त्याच्या नावाने होणारा हा विनोद रुग्णाच्या आईच्या कानी पडला तर तिला काय वाटत असेल? बिचाऱ्या आईवर तर विद्वानांनीही अन्याय केला. १९४८ साली याच अमेरिकेत एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या आजाराचा संबंध आईच्या वागणुकीशी जोडला आणि पुढे कित्येक वर्षे डॉक्टर तो दोष मातांच्या माथी मारीत राहिले. हे मत आता पूर्णपणे टाकून दिलेले आहे.

लपवालपवीचे खरे मूळ सोयरिकीत आहे, हे आपण उघडपणे मान्य करावे. समाज लहान, सर्वांची एकमेकांशी नाती. मोठ्या भावाचा आजार कळला तर धाकटीचे लग्न जमणार नाही, ही भीती. वस्तुस्थिती अशी की रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना साधारणपणे दहात एक इतका धोका असतो. उरलेल्या नऊ जणांना हा आजार होत नाही. मधुमेहाच्या घराण्यात आपण मुली देतोच ना?

मौन सोडणाऱ्यांनी काय केले, हेही पाहावे. कॅनडातील कॅल्गरी येथील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या मराठी गृहस्थाने तो लपविला नाही. १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. येथे अमेरिकेत हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन मातांनी, दोघींचेही मुलगे आजारी असताना, १९७९ साली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे पालकांना एकत्र आणले. त्यातून ‘नामी’ ही देशव्यापी संस्था उभी राहिली. कुटुंबीयांसाठी तिचा आठ सत्रांचा विनामूल्य वर्ग असतो आणि तो स्वतः या अनुभवातून गेलेले नातेवाईकच शिकवितात.

पालकांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या संमतीवाचून डॉक्टर सहसा पालकांना माहिती देत नाहीत. मात्र पालकांनी पाहिलेले डॉक्टरांना कळविण्यास कायद्याची आडकाठी नाही. २०१० च्या कायद्यामुळे मूल २६ वर्षांचे होईपर्यंत पालकांच्या आरोग्यविम्यात राहू शकते. आणीबाणीच्या प्रसंगी ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस मदत मिळते. घरात मात्र टोचून बोलणे टाळावे. सततच्या टीकेने आजार उलटतो, असे संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे.

आणि समाजबांधवांनो, आपण काय करावे? रोगाची चौकशी नको, सल्ला नको, ताईत-तोडग्यांची यादी तर नकोच. डबा घेऊन जावे, तासभर बसावे, त्या मुलाशी नावाने हाक मारून बोलावे. आईला दोन तास बाहेर पडता यावे म्हणून घरी थांबावे. सणाचे आमंत्रण देताना त्यालाही आवर्जून बोलवावे. आजाऱ्यांसाठी होणाऱ्या आपल्या तेफिल्लात देहाच्या स्वास्थ्याबरोबर आत्म्याचेही स्वास्थ्य मागितले जाते. तेव्हा कुटुंबाची इच्छा असेल तर येत्या शब्बाथला त्या यादीत हेही नाव असू द्यावे आणि ते ऐकून कोणीही मागे वळून पाहू नये, एवढीच आमची विनंती आहे.