सॉस फाटला तर सर हवेतच, पण…

हॉटेल मॅनेजमेंटला असाल, तर ‘आता कांदा कापायलाही मोबाइलवर शिकणार का?’ हा टोमणा तुम्ही ऐकला असेल. ऑनलाइन कोर्सचं नाव काढलं की बऱ्याच प्राध्यापकांच्या कपाळावर आठी येते. ‘सरांना टेक्नॉलॉजीचं वावडं आहे’ म्हणत आपण मोकळे होतो. पण विषय इतका सोपा नाही.

आधी नियम बघू. सरकारचं ‘स्वयम्’ पोर्टल २०१७मध्ये सुरू झालं. तिथल्या कोर्सेसचे क्रेडिट डिग्रीत धरायला यूजीसीने आधी सेमिस्टरमागे २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली, २०२१मध्ये ती ४० टक्के केली. हॉटेल मॅनेजमेंटची अख्खी डिग्री मात्र ऑनलाइन देता येत नाही. म्हणजे हाताचं काम समोर उभं राहूनच शिकायचं, हे सरांचं म्हणणं यूजीसीलाही पटलेलं आहे. हॉलंडेज सॉस आच जरा वाढली की फाटतो. व्हिडिओ पॉज होतो, सॉस होत नाही. तुमचा हात कुठे चुकला, ते शेजारी उभे असलेले सरच सांगतात.

दुसरं कारण स्टाफरूमबाहेर फारसं बोललं जात नाही. विषयाला योग्य शिक्षक नसेल तर ‘स्वयम्’चा कोर्स घ्या, अशी सोय २०१६च्या नियमातच होती. आज सोय, उद्या ती जागा भरायचीच नाही, असं झालं तर? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा पगारच तासांवर ठरतो. त्यांची भीती समजून घ्यायला हवी.

पण म्हणून सरसकट ‘नको’ही पटत नाही. फूड कॉस्टिंग, अन्नसुरक्षेचे नियम, अकाउंट्स, परदेशी भाषेची तोंडओळख हे घरबसल्या शिकता येतं. तेवढा वर्गातला वेळ वाचला तर तो किचनमध्ये मिळायला हवा. खरी मेख इथेच आहे. ऑनलाइनच्या नावाखाली प्रॅक्टिकलचे तास वाढणार की शिक्षक कमी होणार?

तेव्हा कोर्सला नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी विचारा. आपलं विद्यापीठ त्याचे क्रेडिट धरतं का? आणि वाचलेले तास कुठे जाणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरांनाही हवंय. तो दोघांनी मिळून विचारला, तर कॉलेजला उत्तर द्यावंच लागेल.